सॉफ्टवेअरवरची देखरेख: एकत्र की सुटी?

कंपनी दहा माणसांची असते तोवर सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम ग्राहकच करत असतो. "अहो, तुमचं ॲप उघडत नाहीये," असा फोन आला की कुणीतरी लॅपटॉप उघडतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो आणि परत चहाच्या टपरीवर जातो. पुढे ग्राहक वाढतात, त्यांतला एखादा बँक किंवा एनबीएफसी निघतो आणि करारात ९९.९ टक्के अपटाइमची अट येते. म्हणजे महिनाभरात बंद पडायला जेमतेम ४३ मिनिटं. मग बैठक बसते आणि तिथे हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळं एकाच ठिकाणी देणारी सेवा भाड्याने घ्या. आलेख, लॉग, अलर्ट एकाच लॉगिनमध्ये, डोक्याला ताप नाही. दुसरा म्हणतो, प्रत्येक कामाचं चांगलं साधन फुकट मिळतं, ते आणून आपणच जोडू. डेटा आणि डॉलर दोन्ही परक्याच्या दारात कशाला न्यायचे? मालक दोघांचं ऐकून घेतो आणि विचारतो, "महिन्याला किती?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ही बैठक आता नवलाची राहिलेली नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तेव्हाच्या अगदी पहिल्या वसाहतींतली ही एक. बरेच कारखाने बंद झाले किंवा लांब गेले, त्यांच्या प्लॉटवर काचेचे आयटी पार्क उभे राहिले. पण सगळंच गेलं नाही. खाली पॉवर प्रेसचा गाळा आणि वरच्या मजल्यावर वीस-तीस इंजिनिअरांची सॉफ्टवेअर कंपनी, असं चित्र अजूनही दिसतं. या कंपन्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत. मुंबईतल्या कुठल्यातरी मोठ्या संस्थेचं पडद्यामागचं काम त्या करतात: पगारपत्रकं, रुग्णालयांची बिलं, कर्जवसुलीची ॲप, गोदामांचा हिशेब. पाच हजार इंजिनिअर पदरी असलेल्यांसाठी लिहिलेला सल्ला यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. पाचशे सर्व्हरचं कोष्टक वीस सर्व्हरवाल्याला दाखवून त्याला घाबरवायचंच काम बहुतेक विक्रेते करतात.

सुटी साधनं कुणी ठरवून सुटी केलेली नाहीत. ज्याला जी अडचण आली त्याने तेवढ्यापुरता मार्ग काढला. टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी लिहिलं ते इंटरनेटच्या लाइनवर किती वाहतूक आहे हे पाहायला. इथन गॅलस्टॅड यांचं नेटसेंट १९९९ मध्ये आलं आणि पुढे नॅगिऑस या नावाने जगभर गेलं. त्याचा मुख्य प्रश्न साधा होता, यंत्र चालू आहे की बंद? लॅटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी २००१ मध्ये झॅबिक्स खुलं केलं. मग लॉगचे ढीग वाढले, तेव्हा ते चाळायला २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं. साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत २०१२ मध्ये प्रोमेथियस सुरू झालं, कारण तिथे सर्व्हिस इतक्या होत्या आणि इतक्या झपाट्याने उगवत-मावळत होत्या की "चालू की बंद" एवढ्यावर भागेना. टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये इलॅस्टिकसर्चमधला डेटा दाखवणाऱ्या किबानाची वेगळी शाखा काढून ग्राफाना उभं केलं. आज एखाद्या गाळ्यात "आमचं सगळं ओपन सोर्स आहे" असं अभिमानाने सांगतात, तेव्हा या वीस वर्षांतल्या वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या गरजा एका सर्व्हरवर शेजारी-शेजारी नांदत असतात. त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायचं काम मात्र त्या कंपनीतल्या एखाद्या पोरावर पडतं. तो पोरगा नोकरी बदलतो तेव्हा खरी किंमत कळते.

सुट्या साधनांचा त्रास नेमका कुठे होतो ते जवळून पाहू. समजा, कल्याणच्या एका ग्राहकाने सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी यूपीआयने कर्जाचा हप्ता भरला. खात्यातून पैसे गेले, ॲपवर मात्र "पेंडिंग". इंजिनिअर ग्राफाना उघडतो, ११.४० पासून प्रतिसादाचा वेळ वाढलेला दिसतो. मग तो लॉगच्या खिडकीत ११.४२ टाकून शोधतो. तिथे काहीच नाही. कारण ते साधन यूटीसी वेळ धरतं आणि त्याच्या लेखी ही घटना ०६.१२ ची आहे. साडेपाच तास वजा करून तो तिथे पोचतो. तिसरीकडे डेटाबेसच्या सर्व्हरचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे. आता आधी डेटाबेसची कनेक्शनं संपली आणि त्यामुळे बँकेला उत्तर द्यायला उशीर झाला, की बँकेची एपीआय आधी मंदावली आणि तिची वाट पाहत कनेक्शनं अडकून बसली? चाळीस सेकंदांच्या फरकात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. मधूनमधून क्लायंटच्या मॅनेजरचा फोन: "ईटीए काय?" तिन्ही साधनं आपापल्या परीने खरंच सांगत असतात. इंजिनिअरचा वेळ बेरीज-वजाबाकीत जातो.

इथे एकत्र सेवा विकणारा पुढे येतो आणि म्हणतो, आमच्याकडे आलेखावर टिचकी मारा, त्याच क्षणाचे लॉग समोर. हे खरंच होतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुरळ पडते. पण यातला मोठा वाटा स्क्रीनचा नाही. दोन गोष्टींमुळे हे शक्य होतं: सगळ्या यंत्रांची एक वेळ, आणि प्रत्येक विनंतीला दारातच दिलेला एक क्रमांक, जो ती विनंती जाईल तिथे तिच्यासोबत जातो. हा क्रमांकाचा विचार गूगलने २०१० मध्ये डॅपर नावाच्या आपल्या प्रणालीबद्दल लिहिलेल्या शोधनिबंधामुळे सर्वत्र पोचला. त्यावरून ट्विटरने झिपकिन काढलं, उबरने येगर. तुमच्या प्रत्येक लॉगच्या ओळीत हा ट्रेस आयडी असेल आणि घड्याळं जुळलेली असतील, तर तीन सुटी साधनंसुद्धा एकाच प्रकरणाची तीन पानं म्हणून वाचता येतात. नसेल, तर सर्वांत महागडी एकत्रित सेवाही तुम्हाला तीन वेगळे आलेख एका सुंदर पानावर दाखवेल, इतकंच. घड्याळांचं तर आपल्याकडे बंधनच आहे. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत यंत्रांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. अर्ध्या दिवसाचं काम. तरी किती ठिकाणी ते झालेलं नसतं!

आता मालकाच्या प्रश्नाकडे. डेटाडॉग, न्यू रेलिक, डायनाट्रेस यांसारख्या सेवांचं बिल सर्व्हरच्या संख्येवर, वापरणाऱ्या माणसांवर, पाठवलेल्या जीबीवर किंवा या सगळ्यांच्या मिश्रणावर ठरतं. डेटाडॉगचा नेहमी दिसणारा यादीतला दर धरू: एका सर्व्हरमागे पायाभूत देखरेखीचे महिना १५ डॉलर आणि ट्रेससाठी आणखी ३१. वीस सर्व्हर म्हणजे ९२० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सुमारे ७८ हजार रुपये, लॉगचे पैसे वेगळे, आणि परदेशी सेवा म्हणून रिव्हर्स चार्जने भरायचा जीएसटी आहेच. त्याचा परतावा जमा होत असला तरी रोकड आधी जाते. आकडा भयंकर नाही. फुकटच्या साधनांवर एक चांगला इंजिनिअर अर्धा वेळ खर्च होत असेल, तर तोही याच घरात जातो. हे गणित न मांडता "ओपन सोर्स म्हणजे शून्य रुपये" म्हणणारे स्वतःची फसवणूक करतात.

पण बिल वाढतं ते सर्व्हरमुळे कमी आणि निष्काळजीपणामुळे जास्त. समजा तुम्ही विनंत्या मोजताय: पाच प्रकारचे निकाल, चाळीस पत्ते, तीन सर्व्हर. मापांच्या एकूण ६०० मालिका. एखाद्या उत्साही इंजिनिअरने त्यात ग्राहक क्रमांकही लेबल म्हणून घातला आणि ग्राहक ५० हजार असले, तर मालिका ३ कोटींपर्यंत जाऊ शकतात. भाड्याच्या सेवेत ही चूक महिनाअखेरीच्या बिलात उगवते. घरच्या प्रोमेथियसमध्ये मेमरी संपते आणि सर्व्हरच पडतो, तेही बहुधा गडबडीच्या दिवशी. चूक एकच, शिक्षा दोन तऱ्हेच्या. मोठ्यांचंही हेच होतं. डेटाडॉगच्या एका ग्राहकाचं बिल एका वर्षी सुमारे साडेसहा कोटी डॉलरवर गेल्याची गोष्ट २०२३ मध्ये गुंतवणूकदारांच्या चर्चेतून बाहेर आली आणि जगभरच्या इंजिनिअरांनी तिच्यावर मनसोक्त विनोद केले. पुढच्या आठवड्यात मात्र पुष्कळांनी आपापली बिलं उघडून पाहिली असणार.

पैशांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा धडा, आणि तो गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या पडझडींनी दिला आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या एस-थ्री साठवणसेवेत एका कर्मचाऱ्याने दिलेल्या आज्ञेतली चूक नडली आणि हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. अर्धं इंटरनेट लंगडत असताना ॲमेझॉनचं "सेवा कशी आहे" सांगणारं पान जवळपास दोन तास बदलता आलं नाही, कारण ते पान चालवणारी यंत्रणा त्याच एस-थ्रीवर अवलंबून होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा-एक तास बंद राहिले. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि बिघाड शोधायची त्यांची साधनं त्याच जाळ्यावर बसलेली होती. डेटा सेंटरच्या इमारतीत शिरून यंत्रांना हात लावायलाही वेळ गेला. सोसायटीच्या फायर अलार्मला जिथून वीज दिली आहे तिथेच आग लागावी, असा हा प्रकार.

मग देखरेख त्रयस्थाकडे दिली की प्रश्न मिटला? ८ मार्च २०२३ ला भारतात सकाळचे साडेअकरा वाजायच्या सुमाराला खुद्द डेटाडॉग पडलं. त्यांचे सर्व्हर तीन वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे आणि अनेक प्रदेशांत विखुरलेले होते. पण उबुंटूमधल्या सिस्टिमडीचा एक स्वयंचलित सुरक्षा अपडेट सगळीकडे जवळपास एकाच वेळी लागला आणि निम्म्याहून जास्त यंत्रांचं नेटवर्क गेलं. पूर्ववत व्हायला एक दिवसाहून जास्त लागला. त्यांच्या ग्राहकांची ॲप त्या दिवशी चालू होती. ती चालू आहेत की नाही हे पाहायचा डोळा मात्र मिटलेला होता. तुमचं काहीच बिघडलेलं नाही आणि तरी तुम्ही आंधळे, अशी ही अवस्था. एका कंपनीवर सगळं सोपवताना विक्रेत्याच्या सादरीकरणात हे पान कधीच नसतं.

सुरक्षेची बाजू तर याहून अवघड आहे. देखरेखीच्या साधनाला सगळीकडे प्रवेश असतो. नसेल तर ते काम कसं करणार? सोलरविंड्सचं ओरायन हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. २०२० मध्ये त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच हेरांनी शिरकाव केला आणि १८ हजारांपर्यंत संस्थांनी तो अपडेट विश्वासाने उतरवून घेतला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर गोठली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. क्राउडस्ट्राइक हे सुरक्षेचं साधन, आपण बोलतोय त्या देखरेखीचं नव्हे. तरी प्रत्येक यंत्राच्या गाभ्यात बसलेला एकच एजंट म्हणजे काय, हे त्या सकाळी सगळ्यांना कळलं. एकाच कंपनीचा एकच एजंट सगळं गोळा करेल हे ऐकायला सोयीचं असतं. तो एजंट कुठल्या अधिकाराने चालतो आणि त्याचे अपडेट कोण, किती यंत्रांवर, कधी लावतो, हे दोन प्रश्न मात्र बैठकीत विचारलेच पाहिजेत.

मुंबईतल्या दोन प्रकरणांनी हा विषय वागळे इस्टेटच्या दारात आणून ठेवला, कारण इथल्या कित्येकांचे ग्राहक बँका आणि शेअर बाजाराच्या जगातले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचं कामकाज सकाळी ११.४० ला थांबलं आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चाललं. बाजाराने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत अडचण आली आणि तिच्या परिणामात मुख्य केंद्रातली साठवणयंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम मोजणारी प्रणाली बंद पडली. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवणं शक्यच नव्हतं. बाजार पुन्हा उघडणार की नाही याचा भरवसा नसल्याने अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवले. या साखळीत तीन खाती येतात: नेटवर्क, साठवण, जोखीम. प्रत्येकाकडे आपापला पडदा असतो. माझ्या मते अशा वेळी उणीव आलेखांची नसते. दुखणं एका खात्यातून दुसऱ्यात जाताना बघणारा आणि "आता दुसऱ्या केंद्रावर जा" असं म्हणायचा अधिकार असलेला माणूस कोण, हे आधी ठरलेलं आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. त्यानंतर महिन्याभरातच सेबीने बाजारसंस्थांसाठी नियम कडक केले आणि आपत्ती जाहीर करायला अर्ध्या तासाची मुदत घातली. पडद्यांची संख्या नियमात लिहिता येत नाही, मिनिटं लिहिता येतात.

दुसरं प्रकरण एचडीएफसी बँकेचं. दोन वर्षांत पुन्हापुन्हा सेवा खंडित झाल्यानंतर, आणि २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य डेटा सेंटरमध्ये वीज गेल्याने सेवा बंद पडल्यानंतर, रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२० रोजी तिच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये. २०२० मध्येच १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली होती, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. या घटनांनंतर बँकांनी आपल्या लहान पुरवठादारांनाही प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली: तुमची देखरेख कशी आहे, लॉग किती दिवस ठेवता, रात्री कोण जागं असतं? वीस माणसांच्या कंपनीला हा विषय गांभीर्याने घ्यायला लावला तो तंत्रज्ञानाच्या हौसेने नव्हे, या प्रश्नावल्यांनी.

कायद्यामुळे निवडीची दिशाही थोडी ठरते. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. रोज ५ जीबी लॉग निघत असतील तर हे ९०० जीबी होतात. ते सगळे "लगेच शोधता येतील" अशा महागड्या जागी ठेवले की बिल फुगतं. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवायला महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास लागतात, दाबून ठेवले तर त्याहून बरेच कमी. म्हणजे इथे "सुटं" हेच शहाणपणाचं. पंधरा दिवसांचे लॉग हाताशी, बाकीचे स्वस्त गोदामात, आणि ते परत काढायची रीत कागदावर लिहिलेली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे आणखी एक काळजी वाढली. लॉगमध्ये मोबाइल नंबर आणि पॅन नंबर बिनदिक्कत छापणाऱ्यांनी ते परदेशी सेवेकडे पाठवण्याआधी झाकायला हवेत. एकदा बाहेर गेले की मागे घेता येत नाहीत. उलट दिशेचं उदाहरण सेबीचं. २० ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत लहान दलाल आणि सल्लागारांसाठी शेअर बाजारांनी सामायिक सुरक्षा केंद्रं उभारावीत असं ठरलं. ज्यांना स्वतःचा नियंत्रण कक्ष परवडत नाही त्यांच्यासाठी एकत्र हाच मार्ग आहे, हे नियामकाने मान्य केलं.

या वादाची धार गेल्या पाच-सहा वर्षांत बोथट केली ती ओपनटेलिमेट्रीने. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन ते जन्मलं. मापं कशी घ्यायची आणि कुठल्या रूपात पाठवायची याचा एक सामायिक नियम, कुणाच्याही मालकीचा नसलेला. तुमच्या कोडमध्ये कुठल्याही विक्रेत्याचं नाव राहत नाही. मध्ये एक कलेक्टर बसतो. तो आज डेटाडॉगकडे पाठवेल, उद्या घरच्या प्रोमेथियसकडे, परवा दोन्हीकडे. अर्थात डॅशबोर्ड आणि अलर्ट नव्याने बांधावे लागतातच, ते कुणी सांगत नाही. पण कोडची हजार ठिकाणं उकलण्यापेक्षा ते बरं.

ही मोकळीक का हवी? विक्रेते बदलतात म्हणून. इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये परवाना बदलला, ॲमेझॉनने ओपनसर्च नावाची वेगळी शाखा काढली, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिक पुन्हा खुल्या परवान्याकडे वळलं. ग्राफानाने एप्रिल २०२१ मध्ये परवाना अधिक कडक केला. लॉग चाळणारं स्प्लंक २८ अब्ज डॉलरच्या सौद्यात सिस्कोकडे गेलं, तो मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला. तुमच्या गाळ्याचं भाडेपत्र तीन वर्षांचं असतं. या कंपन्यांचं धोरण तेवढं तरी टिकेल याची हमी नाही.

मधल्या पर्यायांतही आता देशी नावं आहेत. भारतीय इंजिनिअरांनी सुरू केलेलं सिग्नोझ ओपनटेलिमेट्रीवरच बांधलेलं आहे. मापं, लॉग आणि ट्रेस एकाच जागी, आणि हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर. चेन्नईच्या झोहोचं साइट२४बाय७ लहान कंपन्यांना सोपं जातं. दुसऱ्या टोकाला बंगळुरूची झेरोधा: तिने खुली साधनं स्वतः चालवायचा रस्ता धरला आणि प्रोमेथियस, व्हिक्टोरियामेट्रिक्स, क्लिकहाउस यांच्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. ते वाचून बऱ्याच जणांना "आपणही करू" असं वाटतं. झेरोधाकडे ही साधनं आतून-बाहेरून जाणणारी आणि टिकून राहणारी माणसं आहेत. नेमकी तीच गोष्ट नक्कल करता येत नाही.

तेव्हा माझं मत सांगतो. वीस सर्व्हरच्या आतली आणि पायाभूत यंत्रणेसाठी वेगळा माणूस नसलेली कंपनी असेल, तर एकत्रित सेवा भाड्याने घ्या, पण मापं ओपनटेलिमेट्रीतूनच पाठवा आणि खर्चावर अलर्ट लावा. दोन-तीन जाणकार माणसं टिकून असतील आणि लॉगचा पसारा मोठा असेल, तर सुटी साधनं घरी चालवणं स्वस्त पडतं. फक्त एकाऐवजी दोघांना ती येत असावीत. खालच्या मजल्यावरच्या कारखान्यातलं, मशिन आणि त्यांना चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचं जाळं यात ओढू नका. ते वेगळंच असू द्या, वरच्या मजल्याकडे त्यातून फक्त वाचायची परवानगी असलेली एकच वाट ठेवा. आणि काहीही निवडलं तरी दोन गोष्टी मूळ यंत्रणेपासून सुट्याच हव्यात. बाहेरून, दुसऱ्याच क्लाउडवरून, दर मिनिटाला तुमचं लॉगिन पान उघडून पाहणारी एक तपासणी. आणि देखरेखीचीच देखरेख करणारा ठोका. प्रोमेथियसवाले एक अलर्ट कायम वाजता ठेवतात. तो बाहेरच्या सेवेला मिळायचा थांबला की ती सेवा फोन करते. याला लागतं एखादं दुपारभराचं काम आणि नगण्य पैसे.

राहता राहिली माणसं. अलर्ट एकत्र येवोत की चार ठिकाणांहून, रात्री दोन वाजता डोंबिवलीत किंवा बदलापुरात झोपलेल्या एकाच माणसाचा फोन वाजतो. सकाळी तोच माणूस दिवा स्टेशनला अंगावर येणाऱ्या गर्दीत खिशातून फोन काढू शकत नाही, म्हणून त्या तासाभरासाठी दुसऱ्याचं नाव लागतं. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात विलंब, वाहतूक, चुका आणि भरलेपण या चार खुणांवर भर दिला. लहान कंपनीत उठवण्यासाठी तेवढ्याच पुरतात. "डिस्क ७० टक्के भरली" यासाठी कुणालाही झोपेतून उठवू नये. ते सकाळी कळलं तरी चालतं. दिवसाला शंभर अलर्ट येणाऱ्या ग्रुपला लोक म्यूट करतात, आणि म्यूट केलेल्या ग्रुपवरच एक दिवस खरा अलर्ट येऊन पडतो. हा दोष एकत्रित सेवेत जास्त दिसतो. तिथे तयार अलर्ट शेकड्याने मिळतात आणि सगळे चालू ठेवायचा मोह होतो.

तुमच्याकडे ही बैठक ठरली असेल तर तिच्याआधी एक करा. कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता, क्लायंटला सांगून, देखरेखीचा सर्व्हर किंवा एजंट मुद्दाम बंद करा आणि कुणाचा फोन किती मिनिटांत वाजतो ते लिहून ठेवा. चार वाजेपर्यंत कुणाचाच वाजला नाही, तर कुठलं साधन घ्यायचं हा विषय पुढच्या आठवड्यावर टाका. आधी तो बाहेरचा ठोका लावा.